जोगदंड काकांची उसनी पऱ्हाटी

जोगदंड काकांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा ते आमच्या वॉर्डात खिडकीजवळच्या कॉटवर उताणे पडले होते. छातीपर्यंत चादर, हात दोन्ही अंगांना सरळ, नजर समोरच्या भिंतीवर. नवीन जालना भागातल्या त्या रुग्णालयात मी फिजिओथेरपिस्ट म्हणून नुकतीच रुजू झाले होते आणि कामाचा उत्साह नको तितका होता. नवा पेशंट आला आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नाही, असं मनाशी म्हणत मी चादर बाजूला केली, त्यांचा उजवा पाय उचलला आणि गुडघ्यात वाकवायला सुरुवात केली. गृहस्थ निमूट पाय वाकवू देत होते. माझं झाल्यावर म्हणाले, "दुसरा पण घ्या मॅडम. तोच जास्त आखडल्याला हाय."

दुसराही घेतला. मग ते उठून बसले, चपला पायात सरकवल्या, उशीखालून हातोडी काढली आणि म्हणाले, "खिळा एक वीत खाली पाहिजे. इथून बघताना मान वर करावी लागून राह्यली." दारात उभ्या असलेल्या सिस्टर तोंडावर फाईल धरून हसत होत्या. हे पेशंट नव्हते. हे भिंतीवर चित्र लावायला आले होते, आणि ज्याला ते बघायचंय त्याच्या जागी आधी स्वतः झोपून पाहिल्याशिवाय खिळा ठोकायचा नाही, हा त्यांचा नेम होता. त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव मॅडमबाई ठेवलं आणि भेटले की आधी विचारत, "काय मॅडमबाई, आज कोणाचे पाय धरले?"

दत्ता जोगदंड हे नाव तुम्ही ऐकलं असण्याची शक्यता नाही, पण त्यांचं काम तुमच्या घरात कधी ना कधी येऊन गेलेलं असणार. जालना म्हणजे बियाण्यांचं गाव. बियाण्याच्या पाकिटावर जे चकचकीत वांगं, लालभडक मिरची, कोवळी भेंडी असते, ती एके काळी कुणीतरी हाताने रंगवत असे, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. काकांनी उभ्या नोकरीत हेच केलं. कंपनीच्या गोदामामागे एक खोली, खोलीत उत्तरेची खिडकी, आणि रोज सकाळी प्रयोगाच्या प्लॉटवरून ताजी तोडून आणलेली एखादी भाजी समोर. ती सुकायच्या आत कागदावर उतरवायची. "टमाटा वाट बघतो," काका सांगत, "काकडी पण बघती. कोथिंबीर बिलकुल न्हाई बघत. तिला जल्दी असती." कोथिंबिरीच्या चित्राला त्यांना पाच-सहा दिवस लागायचे आणि रोज नवी जुडी लागायची. जुनी जुडी घरी जायची, त्यामुळे त्या आठवड्यात घरात सकाळ-संध्याकाळ कोथिंबिरीच्या वड्या.

पुढे कॅमेरे आले, कॉम्प्युटर आले, आणि ती खोली नव्या माणसांच्या टेबलांसाठी लागली. ही चित्रं घेऊन जा, नाहीतर रद्दीत जातील, असं साहेबांनी सांगितलं. काकांनी एक रिक्षा भरून चित्रं घरी आणली आणि पलंगाखाली रचून ठेवली. त्यांच्या पत्नी लीलाकाकू हे सांगताना अजून कपाळाला हात लावतात. "घरात भाजीला म्हणून एक काडी न्हाई," त्या म्हणायच्या, "आन् पलंगाखाली अख्खी मंडई."

ती मंडई बाहेर निघाली ती काकूंच्याच दुखण्यामुळे. पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी त्या आमच्याकडे दाखल होत्या. समोरच्या भिंतीवर ओल येऊन एक डाग पडला होता, आणि दिवसभर त्याच्याकडे बघून बघून काकूंना त्यात एक रागीट म्हातारा दिसायला लागला. तो मला टक लावून बघतो, अशी तक्रार त्यांनी नवऱ्याकडे केली. काकांनी घरी जाऊन भेंडीचं चित्र आणलं आणि म्हाताऱ्याच्या तोंडावर लावून टाकलं. काकू बऱ्या होऊन घरी निघाल्या तेव्हा शेजारच्या कॉटवरची बाई म्हणाली, "भाऊ, तुमची बायको घेऊन जा, भेंडी राहू द्या." ती राहिली. मग तिच्या पलीकडच्या बाईला काहीतरी हवं झालं, आणि बघता बघता पलंगाखालची मंडई आमच्या रुग्णालयात भरली.

मोठ्या डॉक्टरांना हे फार आवडलं. चित्रं संस्थेला कायमची देणगी द्या, आपण खाली नावाची पितळी पाटी लावू, असं त्यांनी सुचवलं. काकांनी हात जोडले. "पाटी नको आन् देणगी पण नको. उसनी देतो. देणगी दिली की तुमी मला चहा पाजून वाटंला लावाल. उसनं दिलं की मला कधी बी येऊन इचारायचा हक्क राह्यतो, माझं चित्र कसं हाय." आणि ते खरंच येत. चित्र कसं आहे हे विचारायला म्हणून येत आणि चित्रासमोरच्या माणसाशी तासभर गप्पा मारून जात. चित्राची चौकशी दाराशीच विसरून जायची.

उसनं दिलेलं असल्यामुळे ते परत नेण्याचाही हक्क त्यांच्याकडे होता आणि तो ते हंगामाप्रमाणे बजावत. पेरण्यांच्या सुमारास कापूस, तूर, मूग, मिरची भिंतीवर यायची. दिवाळी सरली की ती उतरायची आणि हरभरा, गहू, कांदा, मेथी चढायची. पडून असलेल्या माणसाला बाहेर काय चाललंय कळत नाही, त्याला निदान शेतात काय उभं आहे ते कळावं, असं त्यांचं म्हणणं. आमचे बहुतेक पेशंट आजूबाजूच्या खेड्यांतले. ते ही चित्रं चित्रं म्हणून बघतच नसत, पीक म्हणून बघत. एकदा अंतरवाली सराटीकडचे एक आजोबा मिरचीच्या झाडाला दोन दिवस न्याहाळत होते. तिसऱ्या दिवशी काका आल्यावर म्हणाले, "या शेंड्याचं पान मुरडल्यावानी दिसून राह्यलं. फवारणी करा, न्हाईतर सगळा प्लॉट जाईल." काकांनी चष्मा लावून पान पाहिलं, खिशातून पेन्सिल काढून कडेला खूण केली आणि गंभीरपणे म्हणाले, "बराबर हाय तुमचं. आजच्या आज बघतो."

एक घोटाळा मात्र असा झाला की त्याची आठवण आली की आमच्या सिस्टर अजून दात-ओठ खातात. काकांनी ऑपरेशन झालेल्यांच्या वॉर्डात वांगं लावलं. वांगं म्हणजे त्यांचा हातखंडा; जांभळा रंग असा की हात लावला तर बोटाला तेल लागेल असं वाटावं. आता आपल्याकडे टाके पडलेल्या माणसाला वांगं वर्ज्य, हे कुणी कुणाला शिकवावं लागत नाही. पण तेच वांगं खुद्द दवाखान्याच्या भिंतीवर, तेही पेशंटच्या अगदी समोर टांगलेलं पाहून नातेवाइकांनी आपसांत विचारविनिमय केला आणि निष्कर्ष काढला की आता डॉक्टरांनीच परवानगी दिली आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डात दोन डब्यांतून भरली वांगी आली, मसाल्याचा वास जिन्यापर्यंत. सिस्टर ओरडल्या तर एक मावशी शांतपणे म्हणाल्या, "आमाला कामून बोलता? भितीवर तुमीच लावून ठेवलंय की." संध्याकाळी वांगं उतरलं आणि तिथे दोडका लागला. दोन दिवसांनी पेशंटांचा निरोप आला, "काका, तेवढा दोडका काढा. जेवणात बी तोच, भितीवर बी तोच."

इतका हसतमुख माणूस एका गोष्टीवर मात्र आगीसारखा भडकायचा, ती म्हणजे चित्राला लागलेला हात. फ्रेमला त्यांनी काच बसवली नव्हती, कारण काचेवर ट्यूबलाइट चमकते आणि पडलेल्या माणसाला भाजीऐवजी ट्यूबलाइट दिसते. काच नाही म्हटल्यावर धूळ, ओलं फडकं, कौतुकाने पुढे येणारी बोटं, सगळ्यांपासून धोका. एका सफाईवाल्या मामांनी मेथी ओल्या फडक्याने पुसली, तर काका दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत आणि मग स्वतःच जाऊन त्यांना चहा पाजून आले. एकदा एक पुढारी वॉर्ड बघायला आले, त्यांनी टोमॅटोवर बोट ठेवून अगदी खरा वाटतो हो, असं म्हटलं. काकांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "साहेब, डोळ्यानं बघायचा माल हाय. हात खिशात ठेवा." पुढाऱ्यांनी खरोखर हात खिशात घातला. आम्ही सगळे छताकडे बघत उभे.

पुढारी येऊन गेले त्याच वर्षी शहागडच्या गयाबाई आमच्याकडे आल्या. अर्धांगाचा झटका, उजवी बाजू गेलेली. पायात हळूहळू जीव येत होता, बोलणंही थोडं जड पण समजेल इतकं होतं, हात मात्र लाकडासारखा पडून. मुलाचं हायवेवर टायरचं दुकान. तो येऊन-जाऊन असायचा. लेक मंदा जालन्यातच दिलेली, ती दिवसभर आईपाशी. जन्मभर शेतात राबलेली ही बाई. तिला दुखण्यापेक्षा एकच गोष्ट खुपत होती, ती म्हणजे दुसऱ्याच्या हातचा घास. मंदा भाकरी कुस्करून तोंडाशी नेई आणि गयाबाई मान फिरवत. "लेकराला भरवल्यावानी मला भरवून राह्यली," त्या म्हणत. "माझ्या हातानं खाईन तवाच खाईन." डाव्या हाताने खायला त्या तयार नव्हत्या. दोन घासांवर दिवस काढायच्या आणि दिवसेंदिवस वाळत चालल्या होत्या.

माझं सगळं सामान त्यांच्यापुढे मांडून झालं. रबरी चेंडू, लाकडी खुंट्या, रंगीत कप. त्यांनी एकदा सगळ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हे पोरांचं खेळणं हाय. उचला." मी हात धरून हलवायची तेवढाच तो हलायचा, सोडला की गादीवर पडायचा. मुलगा एका संध्याकाळी मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, गावाकडं नेतो आता. हात काय यायचा न्हाई. घरी पडून तर राहील." मी त्याच्याकडून पुढच्या सोमवारपर्यंतची मुदत मागून घेतली. कशाच्या भरवशावर मागितली, ते मला आजही सांगता येणार नाही.

गयाबाईंची कॉट भिंतीला लागून होती, उजवा हात भिंतीकडे. त्या भिंतीवर काकांनी कापसाचं चित्र लावलं होतं, एक पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, वेचणीला आलेलं. नेहमीप्रमाणे झोपून मापलेलं, त्यामुळे बरंच खाली. एका दुपारी मी पलीकडच्या पेशंटचा खांदा फिरवत होते. मंदा डबा धुवायला गेली होती. खरखर असा बारीक आवाज आला म्हणून मी वळून पाहिलं. गयाबाईंचा उजवा हात भिंतीवर होता. कोपर गादीला टेकलेलं, मनगट वाकडं, पण बोटं चित्रातल्या खालच्या बोंडावर होती आणि जवळ येऊन काहीतरी ओढत होती. बाईंचं लक्षसुद्धा नव्हतं. डोळे अर्धवट मिटलेले. हात जन्मभर जे करत आला होता ते त्याने केलं होतं. मी हाक मारली तशी त्यांनी हाताकडे पाहिलं, हात घसरून खाली आला, आणि नखात पांढऱ्या रंगाची खपली अडकलेली दिसली. आम्ही दोघी त्या खपलीकडे बघत राहिलो. मग मला रडूच आलं, आणि गयाबाई मलाच विचारायला लागल्या, "काय झालं गं बाई?"

आनंद ओसरल्यावर भीती वाटली. बोंडाचा मधला भाग खरवडून गेला होता, आत मळका पुठ्ठा दिसत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी काका पिशवी घेऊन हजर. मी दारातच त्यांना गाठून सांगायचा प्रयत्न केला, पण त्यांची नजर आधीच तिथे पोचली होती. ते चित्रासमोर गेले, वाकले, चष्मा वर-खाली केला. मंदाने पदर सावरून माफी मागायला तोंड उघडलं.

"कोणत्या हातानं?" काकांनी विचारलं.

"उजव्या," मी म्हणाले.

ते कॉटच्या कडेला बसले. गयाबाईंच्या त्या हाताकडे बघत होते. मग हसले आणि म्हणाले, "मंग ठीक हाय. इतक्या सालात लोकं म्हणत आले, खरं वाटतं. खरं समजून वेचाय ह्या बाईनंच हात घातला."

सोमवारी मुलगा आला तेव्हा काका मोठा जाड पुठ्ठा घेऊन वॉर्डात स्टुलावर बसलेले. नवी पऱ्हाटी काढणं चाललं होतं, चांगली पुरुषभर उंच, बोंडं मिटलेली, नुसती खालची दोन उमललेली. उमललेल्या बोंडांना त्यांनी चिरा पाडून आत खरा कापूस खोवला होता. पऱ्हाटीची बोंडं खालून वर उमलत जातात, म्हणून वेचणीही खालून वर जाते. मला ज्या क्रमाने हात उचलून हवा होता तो क्रम झाडाने आधीच ठरवून ठेवलेला होता. मला फक्त वेचणाऱ्या बाईसारखी ओळ धरायची होती. "जन्मभर कापूस रंगवला," काका म्हणाले, "आता चिकटवायची पाळी आली." पण हे म्हणताना चेहरा सणासुदीचा.

गयाबाईंनी चित्र पाहिलं आणि पहिली हजेरी घेतली. "पानं लई हिरवी केली. वेचणीच्या टायमाला पऱ्हाटी अशी राह्यती व्हय?" काकांनी पानं तांबूस केली. मग गयाबाईंनी मंदाला सांगितलं, माझ्या कमरेला ओटी बांध. वेचलेला कापूस टाकायला बाया पोटाशी कापडाची झोळी बांधतात, ती ओटी. "ओटी बांधल्याबिगर वेचणी होती व्हय?" ओटी बांधून, खुर्चीत बसून, त्यांनी पहिलं बोंड वेचायला घेतलं. बोटं जवळ येत, निसटत, परत येत. सगळा वॉर्ड आपापली दुखणी विसरून बघत होता. कापसाची बट सुटली आणि ओटीत पडली तेव्हा मुलगा, जो त्यांना गावाकडे न्यायला आला होता, भिंतीला टेकून खाली बसला. त्याने परत नेण्याचं नाव काढलं नाही. पुढे गयाबाई मंदाकडे राहून रोज आमच्याकडे येऊ लागल्या.

काका रोज नाही तरी एक दिवसाआड येत आणि माझ्याशी खलबत करून वरचं एखादं बोंड उमलवून ठेवत. मी घाई केली तर ऐकत नसत. "मॅडमबाई, अजून दोन दिवस थांबा. बोंड पिकलं न्हाई." कधी गयाबाई रुसत, आज हात जड आहे म्हणत. मग काका स्वतःच वेचायला लागत आणि इतकं वाईट वेचत, अर्धा कापूस बोंडातच ठेवत, की बाईंना राहवत नसे. "सरका," त्या म्हणत. "कवा शेतात गेल्ता की न्हाई तुमी?" काका बाजूला सरकून माझ्याकडे बघून डोळा मिचकावत. अगदी शेंड्याजवळचं बोंड वेचायला उभं राहावं लागत होतं. ते ज्या दिवशी ओटीत पडलं, त्या दुपारी व्हरांड्यात मला मंदाचा डबा उघडलेला दिसला. गयाबाई उजव्या हाताने भाकरी मोडत होत्या. अर्धी भाजी मांडीवर सांडत होती. मंदा हात मागे बांधून बसली होती, म्हणजे चुकून मदतीला पुढे जायला नको.

गेल्या वर्षी काकांचे गुडघे फारच कुरकुरायला लागले आणि लीलाकाकूंनी नाशिकला लेकीकडे जायचं पक्कं केलं. रुग्णालयाने चहापाण्याचा छोटा कार्यक्रम ठेवला. भाषणाला काका उभे राहिले आणि इतकंच म्हणाले, "चित्रं उसनीच हायत, संभाळा." मग खाली बसले. मलाही वाईट वाटत होतं, पण समोर बघून रडत बसावं असं काही नव्हतं. भिंतीवर हरभरा घाटे धरून उभा होता, आणि शहागडहून गयाबाई एसटीने एकट्या आल्या होत्या.

त्यांनी डब्यातून धपाटे आणले होते, स्वतः थापलेले. आकार कुठल्याच धपाट्याचा धड नव्हता, एक बाजू जाड, एक पातळ. सगळ्यांना वाटून झाल्यावर त्या काकांसमोर येऊन उभ्या राहिल्या, उजव्या हाताने तुकडा मोडला, ठेच्याला लावला आणि त्यांच्या तोंडाशी नेला. काकांनी इकडेतिकडे पाहिलं, लाजले, आणि तोंड उघडलं. चावता चावता डोळे पुसले आणि म्हणाले, "मीठ जास्त झालंय."

"व्हय," गयाबाई म्हणाल्या. "हाताला अजून अंदाज येत न्हाई. दुसरा देऊ का?"

काकांनी परत तोंड उघडलं.